सात नंबरचे गृहस्थ

ठाणे,
रविवार, ११ नोव्हेंबर १९५६

ती. सौ. ताई,

साष्टांग नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. खरंखोटं पुढे वाचून तूच ठरव.

दिवाळीचं पत्र आणि मोहिनीचा फोटो दोन्ही पोचलं. पोरगी गोड आहे गं! अजमेरच्या उन्हात डोळे बारीक करून उभी आहे आणि नाक असं फेंदारलंय की मी बघतच राहिले. ते नाक आपल्या घरातल्या कुणाचं, हे लिहिणार होते. पण तुझी अट आठवली. 'त्यांचा उल्लेख आला तर पुढचं पत्र न फोडता परत पाठवीन.' आठ वर्षं पाळली ना मी? आजही पाळते. आज नुसत्या इस्पितळाच्या गोष्टी.

आमच्या डॉक्टर सबनिसांना एका रोगानं झपाटलंय. त्यांना झालेल्या नव्हे, डोक्यात बसलेल्या. जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची एक ग्रंथी असते, आडवी, जिभेसारखी. अन्न पचवायचा रस ती करते. पित्ताचा खडा वाटेत अडकला की कधीकधी तो रस तुंबतो आणि ग्रंथी स्वतःलाच पचवायला लागते. माणूस अक्षरशः गडबडा लोळतो. पुष्कळजण आठवडाभरात सावरतात. पण काहींच्या पोटात त्या ग्रंथीचा भाग मरून पडतो, सडतो, ताप चढतो. मग पोट समोरून उभं चिरायचं आणि मेलेलं काढून टाकायचं, एवढाच उपाय आजवर होता. त्यातून निम्म्याहून जास्त माणसं परत येत नाहीत.

डॉक्टर म्हणतात, "सिस्टर, हा उपाय नव्हे, ही घाई आहे."

लढाईत ते ब्रह्मदेशच्या आघाडीवर लष्करी डॉक्टर होते. तिथल्या जखमा बघून त्यांची खात्री झाली की मेलेलं मांस जिवंतापासून आपणहून सुटतं, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो. तेव्हा त्यांची नवी रीत अशी : रोग्याला सलाईन, पेनिसिलिन देत कसंही करून चौथ्या आठवड्यापर्यंत न्यायचं. मग पोट न उघडता डाव्या कुशीत, शेवटच्या बरगडीखाली, दोन बोटं जातील एवढी चीर घ्यायची आणि जाड रबरी नळी घालून पू वाहू द्यायचा. आठवड्यानं त्याच वाटेनं आतडं तपासायची धातूची नळी आत सोडायची. तिच्या टोकाशी करंगळीच्या नखाएवढा दिवा असतो. त्या उजेडात, कोमट सलाईननं धुवत धुवत, सुटलेले तुकडे लांब चिमट्यानं उचलायचे. सुटेल तेवढंच. जे धरून बसलंय ते ओढायचं नाही. थोडे दिवस थांबून पुन्हा.

ऐकायला सोपं. पण हात बसवायचा कशावर? तर भोपळ्यावर! ही कल्पना माझी बरं का. लाल भोपळ्याला भोक पाडून आतला गर काढायचा, भिजवलेला पाव आणि केळीच्या बुंध्याचं सोपट कोंबायचं, आणि मधून तांबडे दोरे ताणून बसवायचे. ते दोरे म्हणजे रक्तवाहिन्या. नळीतून बघत पाव-सोपट काढायचं आणि दोरा तुटू द्यायचा नाही. आमचा गुणाजी पंच. साठी उलटलेला वॉर्डातला शिपाई, पण दोरा तुटला की असा ओरडतो, "लाल दोरा! पेशंट गेला!" की बाहेरच्या बाकावरचे खरे पेशंट उठून उभे राहतात. सहा आठवड्यांत डॉक्टरांनी सतरा पेशंट मारले, मी नऊ. स्वयंपाकीण हौसाबाई भाजीचे भोपळे लपवून ठेवायला लागली. "अवो सिस्टरबाई, मानसं सोडून भोपळ्याला कसला रोग झालाय?" म्हणते.

हसण्यावारी नेते आहे, पण सगळं हसण्यासारखं नव्हतं. पहिला रोगी नाथा, मिठागरावर काम करणारा, धट्टाकट्टा गडी. चार आठवडे थांबायचं ठरलेलं असताना बाराव्या दिवशी त्याचा ताप बघून डॉक्टरांचा धीर सुटला. आत काहीच सुटलेलं नव्हतं. चिमटा लागला आणि रक्त थांबलं नाही. नाथाच्या बायकोला डॉक्टरांनी स्वतः बाहेर जाऊन सांगितलं, "रीत माझी होती आणि ती मीच मोडली." त्यानंतर महिनाभर त्यांनी भोपळ्याला हात लावला नाही.

मग ऑगस्टात चेंदणीच्या कोळीवाड्यातली शेवंती आली. सत्तावीस दिवस थांबलो. नळी घालून चार वेळा साफ केलं. जगली! आता मासळी विकून परत जाताना इस्पितळात शिरते आणि दिसेल त्याला कूस दाखवते. "डाक्टरनी माजे पोटान दिवा लावला!"

आणि आता सात नंबरच्या खाटेवर एक गृहस्थ आलेत. पाच दिवस झाले. तोच रोग. वय त्रेसष्ट, पेन्शनीत निघालेले शिक्षक. पहिले दोन दिवस वेदनेनं तोंडातून शब्द फुटत नव्हता. तिसऱ्या दिवशी बोलले ते काय, तर पायथ्याशी लावलेला तक्ता मागून घेतला, पेन्सिल मागितली, मी लिहिलेल्या 'मुत्र'चं 'मूत्र' केलं आणि खाली मला दहापैकी चार गुण दिले.

बाकी ते कोण, कुठले, हे मी लिहीत नाही. सात नंबरचे गृहस्थ, एवढंच.

टेकचंदभाऊजींना नमस्कार. मोहिनीच्या त्या नाकाचा पापा घे.

तुझी अट पाळणारी,
मंदा


ठाणे,
शुक्रवार, ३० नोव्हेंबर १९५६

ती. सौ. ताई,

साष्टांग नमस्कार. तुझं कार्ड आलं. पत्र परत आलं नाही, कार्ड आलं, त्यातच मी निम्मी बरी झाले. दोनच ओळी : 'सात नंबर कोण ते कळलं. जगेल का?' आणि खाली सही.

हो ताई. भाऊच. आठ वर्षांनी वडिलांचं नाव तुझ्या पत्रात लिहिते आहे.

मला दुसरी वाट सुचली नाही. सरळ लिहिलं असतं आणि पहिल्याच ओळीला तू पत्र मिटलं असतंस तर? म्हणून भोपळ्याच्या आडून सांगितलं. रागावू नकोस.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्यूटीवर निघत होते. भाऊ चहा गाळत होते. भांडं पडल्याचा आवाज झाला म्हणून वळले तर ते ओट्याला टेकून खाली बसलेले, चेहरा पांढराफटक. "काही नाही, तू जा," म्हणाले. आई गेल्यापासून त्यांचं हे 'काही नाही, तू जा' मी रोज ऐकते. पण त्या दिवशी ते म्हणतानाच वाकले. खारकर आळीतल्या घरापासून टेंभी नाक्यावरचं इस्पितळ केवढंसं लांब, पण टांग्यात माझ्या मांडीवर डोकं ठेवून ते माझा हात इतका घट्ट धरून होते की बोटांच्या खुणा दोन दिवस राहिल्या. तुला आठवतं का त्यांनी आपला हात कधी धरल्याचं? मला नाही आठवत. छडीसाठी धरलेला सोडून.

मुंबईचे एक नावाजलेले सर्जन डॉक्टरांच्या ओळखीनं बघायला आले. पोट चाचपलं, रक्ताचा रिपोर्ट वाचला आणि म्हणाले, "आजच उघडा. थांबलात तर हातचा पेशंट घालवाल."

डॉक्टर म्हणाले, "मी थांबणार. एकदा थांबलो नाही, त्याचं काय झालं ते मला माहीत आहे."

मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. सिस्टर म्हणून नव्हे, मुलगी म्हणून. आठ वर्षं भाऊ लोकांना सांगत आलेत, 'मला एकच मुलगी.' कॅम्पातल्या शाळेत निर्वासितांच्या मुलांना शिकवायला विठ्ठलवाडीला जायला लागलीस तेव्हा त्यांना केवढा अभिमान होता. आणि तिथल्याच सिंधी मास्तराशी लग्न करतेस म्हटल्यावर त्यांनी तुझी पाटी पुसून टाकली. त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला. दोन मुली ठेवल्या असत्यात तर हे ओझं दोघींत वाटलं असतं ना!

मी म्हटलं, "थांबू या."

ताई, थांबणं म्हणजे काय ते मी या तीन आठवड्यांत शिकले. ताप रोज एकशे तीनपर्यंत. मनगट माझ्या दोन बोटांत मावतं. डाव्या कुशीला हळूहळू फुगवटा आला, आणि एखाद्याच्या घरी पाहुणा यावा तसे डॉक्टर खूश झाले. म्हणे, आतलं सगळं एका जागी गोळा होतंय, आपल्याला वाट दाखवतंय.

पण स्वभावाला ताप चढत नाही. जरा उतार पडला की वॉर्डात शाळा भरते. गुणाजीला सही करायला शिकवलीय. चाळीस वर्षं अंगठा उठवणारा गुणाजी आता दिसेल त्या कागदावर सही करतो. काल औषधाच्या बाटलीवर केली. हौसाबाईनं पेज आणली तर भाऊ तिला म्हणाले, "पेज पातळ आहे पण तुमचं बोलणं घट्ट आहे." ती दिवसभर सगळ्यांना विचारत होती, हे चांगलं बोलले की वाईट?

परवा शेवंती आली. मीच बोलावलं होतं. आल्या आल्या तिनं पदर सारून कूस दाखवली. भाऊंनी गडबडीनं भिंतीकडे तोंड फिरवलं आणि भिंतीलाच विचारलं, "आता दुखतं का?"

"हसले का दुकतं, मास्तर."

"मग माझी काळजी मिटली," भाऊ म्हणाले. "मी हसत नाही."

शेवंती एवढी हसली की कूस धरून खाली बसली.

उद्या सकाळी आठ वाजता कुशीत नळी घालायची आहे. डॉक्टरांनी भाऊंना काही लपवलं नाही. नाथाचं सांगितलं, शेवंतीचं सांगितलं. म्हणाले, "एक गेला, एक जगली. तुम्ही तिसरे." भाऊ म्हणाले, "म्हणजे निकाल अजून लागायचाय." कागदपत्रं, सह्या वगैरे झालं. त्याबद्दल आत्ता लिहीत नाही.

तू विचारलंस, जगेल का. मला माहीत नाही ताई. डॉक्टर म्हणाले, तुम्ही घरचं माणूस, उद्या आत येऊ नका. मी म्हटलं, भोपळे कुणाचे जास्त वाचले, तुमचे की माझे? मग त्यांनी गुणाजीला माझेही हातमोजे उकळून ठेवायला सांगितले.

हात धुऊन तयार असलेली,
मंदा


ठाणे,
रविवार, ६ जानेवारी १९५७

ती. सौ. ताई,

साष्टांग नमस्कार. माझी तार मिळालीच असेल : 'नळी घातली. जिवंत. पत्र मागाहून.' त्यानंतर तुझी चार पत्रं आली आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही. तुला वाटलं असेल कामात बुडालेय. कामात होतेच, पण ते कारण नव्हे. कारण सांगते, जरा दमानं घेऊ दे.

आधी चांगलं. भाऊ बरे आहेत! काल उशीला टेकून तासभर बसले, मऊ भात खाल्ला, आणि मीठ कमी आहे म्हणून तीनदा सांगितलं.

एक डिसेंबरला चीर घेतली. डॉक्टरांनी बोट आत घातलं मात्र, पू असा उसळला की गुणाजीच्या हातातलं भांडं भरलं आणि दुसरं आणावं लागलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप शंभरवर आला. तीन आठवड्यांत प्रथमच त्यांच्या कपाळावर हात ठेवून मला चटका बसला नाही.

आठ तारखेला पहिल्यांदा दिव्याची नळी आत घातली. ईथरची पूर्ण भूल झेपली नसती म्हणून पेथिडिनच्या गुंगीवरच केलं. त्यामुळे भाऊ अर्धवट झोपेत. मी सलाईन सोडत होते, डॉक्टर एक डोळा मिटून नळीतून बघत होते. करड्या, बुळबुळीत चिंध्यांसारखे तुकडे एकामागून एक बाहेर येत होते. भिजलेला पाव, अगदी तस्साच! मला मनातल्या मनात हसू आलं आणि लाज वाटली.

बारा तारखेला दुसरी खेप. वीस मिनिटं सगळं सुरळीत. मग डॉक्टरांच्या चिमट्यात एक मोठा तुकडा आला. त्यांनी हलकेच ओढलं, आलं नाही. पुन्हा ओढलं. मी त्यांच्या मनगटाकडे बघत होते. भोपळ्यांच्या वेळी दोरा तुटायच्या आधी त्यांचं मनगट असंच ताठ व्हायचं. माझ्या तोंडून निघून गेलं, "डॉक्टर, लाल दोरा!"

त्यांनी चिमटा सोडला. तोवर सलाईन गुलाबी झालं, मग तांबडं. डॉक्टरांनी नळीतून गॉझची लांब पट्टी आत भरली, वर तळहात दाबून धरला आणि मला म्हणाले, "घड्याळ लावा. दहा मिनिटं."

ती दहा मिनिटं मी कशी काढली ते लिहिता येणार नाही. गुणाजी कोपऱ्यात तोंडात काहीतरी पुटपुटत होता. एकदम भाऊ खणखणीत आवाजात म्हणाले, "मागच्या बाकावर कोण बोलतंय?"

आणि आमचे डॉक्टर सबनीस, ज्यांच्या आवाजानं कंपाउंडरच्या हातून बाटल्या पडतात, ते घाम पुसत हळूच म्हणाले, "कुणी नाही, सर."

दहा मिनिटांनी हात काढला. रक्त थांबलं होतं. त्या दिवशी पुढे काही केलं नाही, पट्टी तशीच ठेवली आणि दोन दिवसांनी हलकेच काढली. पुढच्या खेपेला बघितलं तर तोच तुकडा आपणहून सुटून पडला होता. नुसता उचलून घेतला. चौथी खेप चोवीस तारखेला. डॉक्टर बराच वेळ नळीतून बघत राहिले. मग बाजूला झाले आणि म्हणाले, "सिस्टर, बघा."

मी बघितलं. सगळीकडे गुलाबी, ओलं, ताजं. मेलेलं काही उरलं नव्हतं. आपल्याला आयुष्यभर धाक घालणाऱ्या माणसाच्या आत मी बघत होते ताई, आणि आत रागाबिगाचं नावही नव्हतं. मी इतका वेळ डोळा लावून बसले की डॉक्टर म्हणाले, "आता रडायचं असेल तर बाहेर जाऊन रडा, नळीत पाणी जाईल."

पहिला, दुसरी, तिसरे असे तीन केसपेपर डॉक्टरांनी एकत्र बांधून मुंबईच्या डॉक्टर-मंडळींच्या सभेपुढे वाचायचं ठरवलंय. नाथाचा सगळ्यात वर ठेवलाय. म्हणतात, त्याच्यापासूनच सुरुवात करणार, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटेल आपण फार हुशार आहोत.

आता ते कारण.

तीस नोव्हेंबरला संमतीचा कागद भाऊंपुढे ठेवला तेव्हा त्यांनी तो पूर्ण वाचला, दोन ठिकाणी अनुस्वार दिले आणि परत केला. म्हणाले, "माझी सही मी करीन. पण कुणाला न विचारता मी मेलो असं नंतर कुणी म्हणता कामा नये. मला दोन मुली आहेत. दोघींची सही असेल तर कापा."

दोन मुली. आठ वर्षांनी, ताई! डॉक्टरांना काहीच कळलं नाही, ते म्हणाले, "बरं, दुसऱ्या बाईंना बोलवा."

पुढे माझं पाप. डॉक्टर म्हणत होते, एक दिवसापेक्षा जास्त थांबता येणार नाही, आतलं फुटेल. मी बाहेरच्या व्हरांड्यात गेले, तुझं कार्ड काढलं, त्यावरची तुझी सही समोर ठेवली आणि रद्दी कागदावर अकरा वेळा गिरवली. बाराव्यांदा संमतीच्या दुसऱ्या कोऱ्या प्रतीवर केली. भाऊंना जाऊन सांगितलं, "ताईला आधीच कळवलं होतं, तिनं सही करून कागद पाठवलाय." त्याच संध्याकाळी तुला पत्र लिहिलं आणि त्यात 'सह्या वगैरे झालं' असं लिहून मोकळी झाले.

तू म्हणशील, तार का नाही केलीस? केली असती तर दुसऱ्या दिवशी उत्तर आलं असतं. तारेला सही नसते हे खरं, पण भाऊंनी तार मानली असती. मी केली नाही, कारण मला भीती वाटली. तुझ्या कार्डावर 'जगेल का' होतं. 'जगू दे' नव्हतं. तू 'नाही' म्हणाली असतीस, किंवा त्याहून वाईट, 'माझा काय संबंध' म्हणाली असतीस, तर मी ते त्यांना सांगू शकले नसते आणि तुलाही कधी माफ करू शकले नसते. म्हणून मी तुला विचारलंच नाही. तुझ्या नावानं हो म्हणून टाकलं. आठ वर्षं मी तुमच्या दोघांच्या मध्ये उभी होते आणि स्वतःला फार विश्वासाची समजत होते. पण वेळ आली तेव्हा मी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही. तुझ्या चारही पत्रांत 'भाऊ कसे आहेत' हे पहिल्याच ओळीत होतं. प्रत्येक पत्र वाचताना मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. क्षमा कर ताई.

भाऊंनाही सांगायला हवं होतं. बुधवारी धीर केला. ते पेपर वाचत होते. मी सुरुवात केली, "भाऊ, त्या कागदावरची ताईची सही..."

"तुझी होती," ते म्हणाले. पेपर खाली केला नाही.

"तुम्हाला कळलं?"

"तीस वर्षं मुलांची अक्षरं तपासली मी. थोरल्या उत्तरेचा 'उ' इतका घाबरट कधीच नव्हता."

"मग तुम्ही कापू का दिलंत?"

आता पेपर खाली आला. "मी अट घातली तेव्हा मला वाटलं, तू जाशील आणि परत येऊन म्हणशील, ताईला काही देणंघेणं नाही. तसं म्हणणं सोपं होतं तुला. खरं वाटावं असंही होतं. त्याऐवजी तू खोटी सही करून आणलीस." त्यांनी पेपरची घडी घातली. "म्हणजे तिनं हो म्हणावं असं निदान एकीला तरी वाटत होतं. मला तेवढ्यावर भागवून घ्यावं लागलं. माझं येणं त्याहून जास्त नव्हतं."

मी तुझं कार्ड त्यांच्या हातात दिलं. चष्मा लावून वाचलं. दोनच ओळी, पण पानभर असाव्यात इतका वेळ. मग म्हणाले, "एकही चूक नाही." तुला ठाऊक आहे, यापुढे त्यांच्याकडे शब्द नसतात.

मग तुझी बाकीची चार पत्रंही दिली. मोहिनीचा फोटो दिला. फोटो त्यांनी उजेडाकडे धरला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, "नाक चांगलं आहे." गुणाजीला बोलावून दाखवलं. हौसाबाईला दाखवलं. आज शेवंती आली तर तिनं कूस दाखवायच्या आधीच तिच्यापुढे फोटो धरला. 'ही माझ्या थोरलीची,' म्हणाले. आणि हसले, आणि लगेच कूस धरली. शेवंतीनं टाळ्या पिटल्या, "दुकलं ना मास्तर? दुकलं ना?"

डॉक्टर म्हणतात, रबरी नळी वीस तारखेच्या सुमाराला काढू आणि आठवड्यानं घरी पाठवू. मी तुला ये म्हणत नाही. तुझ्या वतीनं एकदा ठरवलं तेवढं पुरे. फक्त कळवते की स्टेशनवर मी येईन, आणि भाऊजींना वेगळी पंगत नसेल. हे दुसरं वाक्य माझं नाही, मला सांगून लिहून घेतलेलं आहे.

एक राहिलं. पाकीट तू फोडताना बघितलंच असशील. बहुधा म्हणूनच दारातच उभी राहून वाचते आहेस. पत्ता माझ्या हातचा नाही. मी पत्ता घालायला घेतला तर भाऊ म्हणाले, "आण इकडे." मांडीवर पुठ्ठा घेतला. 'सौ. उत्तरा टेकचंद' एवढं सलग लिहिलं. मग पेन थांबलं. मी म्हटलं, थकला असाल, मी पुरं करते. तर म्हणाले, "थकलो नाही. आडनाव मीरचंदानीच ना? 'दानी' की 'दाणी'? नीट सांग. माझ्या मुलीचं नाव मला चुकीचं लिहायचं नाही."

आम्हा दोघांच्या वतीनं, या वेळी खरोखर विचारून,
मंदा